बॅकफ्लिपच्या आधीची सरळ उडी

फ्रीस्टाइल मोटोक्रॉस, म्हणजे रॅम्पवरून बाइक उडवून हवेत कसरती करायचा खेळ, शिकायला आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॅकफ्लिप, म्हणजे बाइकसकट मागे मारलेली कोलांटी, कधी? मीही तेच विचारलं होतं. ‘आधी सरळ उडी मार,’ एवढंच उत्तर मिळालं. ती सरळ उडी मी जवळजवळ वर्षभर मारत होतो.

रॅम्पच्या आधी मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर हात बसू द्या. पायांवर उभं राहून, गुडघ्यांत टाकी आवळून चालवणं अंगात मुरलं पाहिजे. मग छोटी अंतरं घ्या. मोठ्या स्पर्धांत रॅम्प ते लँडिंग साधारण 75 फूट, म्हणजे जवळपास 23 मीटर असतं. तिथे पोचायची घाई नको.

मला घाई होती. रॅम्पच्या टोकाशी भीती वाटली आणि मी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडला. इंजिनाचा आवाज एकदम बसला, पुढचं चाक झुकलं आणि बाइक लँडिंगच्या अलीकडच्या कडेवर आदळली. मनगट मोडलं, तीन महिने घरी बसलो. तेव्हापासून वेग आणि गिअर रॅम्पच्या आधीच ठरवतो आणि टोकापर्यंत थ्रॉटल हलवत नाही. मनात शंका आली तर रॅम्प येण्याआधीच बाइक बाजूला वळवा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

हवेतही बाइक आपलं ऐकते, हे मला फार उशिरा कळलं. थ्रॉटल पिळला की मागचं चाक जोरात फिरतं आणि पुढची बाजू वर येते. क्लच दाबून मागचा ब्रेक हलका मारला की ती खाली येते. सरळ उडीत हे दोन्ही शेकडो वेळा करून पाहा. पुढे हात-पाय सोडायचे ते याच भरवशावर: आधी एक पाय, मग कॅन-कॅन (एक पाय सीटवरून दुसऱ्या बाजूला नेणं), हील क्लिकर (दोन्ही पाय हँडलच्या पुढे नेऊन टाचा जुळवणं). सीट ग्रॅब, म्हणजे सीटला धरून अंग मागे लांबवणं, खूप नंतर. त्यासाठी सीटखालच्या पॅनलमध्ये पकडायला भोकं पाडलेली असतात. हातमोज्यातली बोटं त्यात न बघता गेली पाहिजेत, म्हणून मी उभ्या बाइकवरच त्याचा सराव करायचो.

रायडर केरी हार्टनं 2000 मध्ये स्पर्धेत बॅकफ्लिप फिरवली, पण जमिनीला टेकल्यावर तो बाइकवरून पडला. केलेब वायटनं 2002 मध्ये मोठ्या बाइकवर ती पूर्ण केली आणि 2006 च्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत ट्रॅव्हिस पॅस्ट्रानानं एकाच उडीत दोन गिरक्या घेतल्या. इतक्या कसलेल्या माणसांनाही प्रत्येक पायरीला वर्षं लागली, हे बघून मला धीर आला.

फ्लिप फोम पिटमध्येच, म्हणजे फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यातच, सुरू करा आणि एकट्यानं कधीच नको. फोम पेटतो आणि सायलेन्सर तापलेला असतो. म्हणून पडता पडता किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबायची सवय लावा आणि काठावर अग्निशामक घेऊन कुणीतरी उभं हवंच. बाइक वर काढली की आधी एअर फिल्टर उघडून बघा. फोमचा चुरा तिथेच जाऊन बसतो आणि पुढच्या उडीला इंजिन नेमकं रॅम्पवर अडखळतं.