ऑफिसच्या इमारती डिझाइन करायला शिकताना

ऑफिस डिझाइनमध्ये येऊ पाहणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: लोक घरूनच काम करणार असतील, तर या क्षेत्रात उतरावं का? माझं उत्तर निःसंकोच 'हो' असतं. एकच ले-आउट मजल्यामागून मजला उतरवत जायचे दिवस सरलेत आणि या कामात खरं डोकं आत्ता लागायला लागलंय. पण शिकायचं काय, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. सगळी मेहनत रंगीत सोफे, झाडांच्या भिंती आणि चकचकीत रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली इमारतीची चित्रं) यांवर जाते. ते सगळं नंतर सहज जमतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. दहा वर्षांनी लोक कसं काम करतील, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि इमारत तर त्यानंतरही कितीतरी वर्षं उभी राहणार असते. म्हणजे आज बांधलेला अंदाज उद्या चुकला तरी जी निभावून नेईल, अशी इमारत आपल्याला द्यायची आहे. ब्रिटिश आर्किटेक्ट फ्रँक डफी यांनी हे थरांमध्ये मांडलं होतं. सांगाडा साधारण ५० वर्षं, वायरिंग-एसी-पाइप यांसारख्या सर्व्हिसेस १५ वर्षं, पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग ५ ते ७ वर्षं, आणि फर्निचर तर रोजही हलू शकतं. वेगवेगळ्या आयुष्याच्या गोष्टी एकमेकींत अडकवल्या की साधा पाइप बदलायला भिंत फोडावी लागते. लंडनची १९८६ साली पूर्ण झालेली लॉइड्सची इमारत याच विचारातून बघा. तिचे आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्स यांनी लिफ्ट, जिने, पाइप, हवेचे डक्ट सगळं बाहेरच्या अंगाला काढलं. आतला मजला मोकळा राहिला आणि जुन्या झालेल्या वस्तू बाहेरच्या बाहेर बदलायची सोय झाली. तिचं दिसणं आवडो न आवडो, सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारं ड्रॉइंग, मात्र बारकाईने अभ्यासा.

सेक्शनचं मी सगळ्यांनाच सांगते. नवीन माणूस प्लॅनमध्ये, म्हणजे वरून दिसणाऱ्या नकाशात रमतो, पण इमारतीचं भवितव्य ठरतं ते मजल्याच्या उंचीवर आणि तो खिडकीपासून आत किती खोल जातो यावर. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. कड २.७ मीटरवर असेल तर सहा-साडेसहा मीटर, बस्स. त्यापुढे बसलेल्यांना सगळा दिवस दिव्यांखालीच काढावा लागतो. आणि उद्या ऑफिस नकोसं झालं, तिथे घरं करायची ठरली, तर प्रत्येक घराला खिडकी हवीच. फार खोल मजल्याच्या इमारती नेमक्या इथेच अडकतात. उंची थोडी कमी करून एक मजला जास्त बसवावा, असा आग्रह क्लायंटकडून हटकून होतो. तेव्हा तुमच्याकडे डक्ट, बीम, फॉल्स सीलिंग सगळं मांडलेलं सेक्शन तयार हवं, नाहीतर तोंडी वादात आपण हरतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. लोक आठवड्यातले दोन-तीन दिवस येणार म्हटल्यावर सरासरी हजेरी काढून लिफ्ट आणि टॉयलेट कमी करायचा मोह होतो. पण टीमला भेटायचं म्हणून सगळे एकाच दिवशी येतात. डेस्क कमी करा, हरकत नाही. ती नंतर वाढवता येतात. जिने आणि फायर एक्झिट नंतर रुंद करता येत नाहीत. ते भरगच्च दिवसाच्याच हिशोबाने धरा.

हे आकडे मिळवायचे कसे? सेन्सर आहेत, पण आधी स्वतः चाला. मजल्याची प्रिंट घ्या आणि दर तासाला एक फेरी मारा. दहा जणांच्या मीटिंग रूममध्ये एकटाच माणूस लॅपटॉप उघडून व्हिडिओ कॉलवर बसलेला दिसेल. जिन्याच्या वळणावर कुणीतरी तोंडाशी हात धरून फोनवर बोलत असेल. खुर्चीवर स्वेटर आहे, माणूस नाही, अशा जागेला वेगळी खूण करा. ती रिकामीही नाही आणि वापरातही नाही. संध्याकाळी ती प्रिंट क्लायंटसमोर ठेवली की मोठ्या कॉन्फरन्स रूमऐवजी एकेकट्याच्या छोट्या केबिन का हव्यात, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता आवाज. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित विषय हाच. भिंती काढल्या की माणसं आपोआप बोलतील, हा समज फार चिवट आहे. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओपन ऑफिसमध्ये गेलेल्या दोन कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचं समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. ईमेल आणि मेसेज वाढले. मला यात नवल वाटत नाही. प्रत्येक शब्द दहा जणांना ऐकू जाणार असेल, तर माणूस हेडफोन लावून गप्प बसतो. म्हणून ज्या केबिनमध्ये पगाराची किंवा आजारपणाची बोलणी होणार, तिची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, थेट वरच्या स्लॅबला भिडवा. नाहीतर काच कितीही जाड घेतली तरी सीलिंगच्या वरच्या पोकळीतून आवाज शेजारी उतरतो. दाराखालची फट आणि दोन खोल्यांना जोडणारा डक्टही तपासा. साइटवर हे बघायची वेळ सीलिंग बंद होण्याआधीची असते.

सर्व्हिसेसच्या इंजिनिअरशी पहिल्या स्केचपासून बोला. फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये जाणारा वेळ त्यांच्याबरोबर घालवा.

मुलाखतीला येताना पोर्टफोलिओत एक शीट जरूर ठेवा: तोच मजला तीन वेळा काढलेला. एकदा भरलेलं ऑफिस, एकदा दोन छोट्या कंपन्यांत वाटलेलं, एकदा राहती घरं. तिन्हींत कॉलम, जिना आणि शाफ्ट (पाइप-वायरी वरखाली नेणारी उभी पोकळी) जागचे हलता कामा नयेत. जिथे जमलं नाही, तिथे तसं लिहा आणि कारणही लिहा. उमेदवाराशी मी सर्वात जास्त वेळ त्याच कारणांवर बोलते.