माझ्या पॅनवर भलत्याचंच कर्ज

गृहकर्ज नाकारलं तेव्हा कळलं, कुणीतरी माझ्या पॅनवर अ‍ॅपवरून कर्ज उचलून हप्ते बुडवलेत. सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, पॅन माझा, मोबाइल नंबर आणि पत्ता मात्र अनोळखी. हाच मोठा पुरावा! सायबर पोलिसांत तक्रार केली, तिची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीकडे केवायसीची कागदपत्रं आणि पैसे जमा झालेल्या खात्याचा तपशील मागितला. खातं माझं नव्हतंच. सिबिलवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकाच, पण कंपनीच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही. जोर तिथेच लावा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हे मेलमध्ये लिहिल्यावर चक्रं फिरली. आणि कृपा करून ‘सेटल्ड’ (तडजोडीने कर्ज मिटवलं) या शेऱ्यावर राजी होऊ नका. कर्ज आपलं नाहीच, पूर्ण नोंद काढायला लावा. माझी निघाली, स्कोअर सावरला.