रिटर्न आलेली टेललाइट घेताना

पिकअपची टेललाइट फुटली की दुकानदार कधी कधी रिटर्न आलेला, ओरखडे पडलेला पीस स्वस्तात पुढे करतो. घ्यायला हरकत नाही. माल चढवता-उतरवताना नव्या दिव्यालाही चरे पडतातच.

आधी डावी-उजवी बघा. चुकीची बाजू घेतली म्हणूनच बरेच पीस परत आलेले असतात. मग स्क्रूचे कान. कान तुटका असेल तर फुकट दिली तरी नको, फेविक्विकचा जोड खडखडाटात टिकत नाही. काचेमागे मोबाइलचा टॉर्च धरा: लाल रंगात पांढरा ठिपका चमकला की तिथे तडा. तिथून पाणी शिरतं, होल्डर गंजतो, शिवाय मागच्याला पांढरा उजेड दिसतो.

शेवटी दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. दोन पॉइंटच्या बल्बमध्ये पार्किंगची तार ५ वॉटची, ब्रेकची २१ वॉटची, त्यामुळे ब्रेक ठळक उजळलाच पाहिजे. दोन्ही सारखेच मंद वाटले तर अर्थिंग किंवा होल्डरची पत्ती तपासा. बल्ब उलटा बसवलेला असला तर मात्र अदलाबदल होते, पार्किंग ठळक आणि ब्रेक मंद; तो पीस बिनधास्त घ्यावा.