सिरो सर्वेक्षण: माणसे कशी निवडावीत, आकडा कसा दुरुस्त करावा

कोरोनाची साथ किती पसरली हे नोंदलेल्या रुग्णांवरून कळत नाही. लक्षणे नसलेले लोक तपासणीला येतच नाहीत. म्हणून सिरो सर्वेक्षणात लोकांच्या रक्तातली आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे संसर्गानंतर शरीर तयार करते ते संरक्षक प्रथिन, शोधतात. ती दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे आजचे रक्त तेवढ्याच जुन्या साथीबद्दल सांगते.

खरी काळजी माणसे निवडताना घ्यायची. दवाखान्यात आलेल्यांचे रक्त सहज मिळते, पण त्यावरून वस्तीचा अंदाज बांधू नये. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडली. एवढी तफावत सरासरीत दडून जाते. दोन्हींचे नमुने वेगळेच काढा.

प्रत्येक गटासाठी: प्रमाण ५० टक्के धरून ±५ टक्के अचूकतेला ३८५ माणसे लागतात. एकाच गल्लीतले लोक एकसारखे असतात, म्हणून दुप्पट, ७७०. वीस टक्के नकार धरले की ९६३ घरे. चिठ्ठीने निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घेऊ नका. संध्याकाळी, रविवारी पुन्हा जा. नाहीतर कामावर जाणारे, म्हणजे जास्त संसर्ग झालेलेच, गळतात. घरातून एकच प्रौढ, तोही चिठ्ठीनेच.

३ ते ५ मिली रक्त साध्या नळीत घेऊन अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) सीरम, म्हणजे वरचा पिवळसर द्रव, वेगळे काढा आणि २ ते ८ अंशांत ठेवा. न फिरवलेली नळी फ्रीझरमध्ये टाकली तर रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

किट निवडताना लसीकरण लक्षात घ्या. कोविशिल्डमुळे फक्त स्पाइकविरोधी (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांसारख्या प्रथिनाविरुद्धची) अँटिबॉडी तयार होते, म्हणून तिथे न्यूक्लिओकॅप्सिडची (विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची) चाचणी संसर्ग ओळखते. कोवॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो. ती घेतलेल्यांत हा फरक कळत नाही. शिवाय न्यूक्लिओकॅप्सिडच्या काही चाचण्यांत काही महिन्यांनी अँटिबॉडी दिसेनाशी होते आणि आकडा कमी भरतो.

शेवटी चाचणीच्या चुकांची दुरुस्ती. संवेदनशीलता म्हणजे अँटिबॉडी असलेल्यांपैकी किती जण चाचणीत पॉझिटिव्ह येतात, विशिष्टता म्हणजे नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात. खरे प्रमाण = (आढळलेले प्रमाण + विशिष्टता − १) ÷ (संवेदनशीलता + विशिष्टता − १). संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९८ टक्के आणि ३ टक्के पॉझिटिव्ह आले, तर खरे प्रमाण जेमतेम १.१ टक्के, तिनांतले जवळजवळ दोन पॉझिटिव्ह खोटे. साथीच्या सुरुवातीला ही दुरुस्ती न करता आकडा जाहीर करणे म्हणजे लोकांची दिशाभूल आहे. त्यानंतर वय आणि लिंगानुसार भार द्या, म्हणजे नमुना खऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणा, आणि आकड्यासोबत ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दरम्यान असावा ती कमाल-किमान हद्द) छापा.