‘मास इफेक्ट’ पहिल्यांदाच खेळताय? सुरुवातीचे तास असे खेळा

‘मास इफेक्ट’ हा अंतराळातल्या कथेचा गेम मी पहिल्यांदा दोन संध्याकाळ खेळून बाजूला ठेवला होता. हातात बंदूक आहे म्हणजे नेमबाजीचा गेम, अशा समजुतीने सगळी संभाषणं भराभर उरकली आणि तीन तासांनी कोण कोणाच्या मागावर आहे हेच कळेना. वर्षभराने कान उघडे ठेवून पुन्हा सुरू केला, तो तिन्ही भाग संपेपर्यंत सोडवला नाही. म्हणून नव्याने खेळणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: हा गेम आधी ऐकायचा, मग खेळायचा.

मूळ गेम बायोवेअरने २००७ मध्ये काढला. आज घेणार असाल तर २०२१ची ‘लेजंडरी एडिशन’ घ्या. तिन्ही भाग एकत्र मिळतात आणि पहिल्या भागातली लढाईही बरीच सुधारली आहे. सुरू करताच सेटिंगमध्ये सबटायटल्स लावा. परग्रहवासीयांची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत.

शेपर्ड घडवा

तुमचं पात्र म्हणजे कमांडर शेपर्ड. स्त्री की पुरुष, पूर्वायुष्य कसं, हे तुम्ही ठरवायचं. इथे घाई करू नका, कारण हे पूर्वायुष्य पुढे लोकांच्या बोलण्यात डोकावतं. लढाईसाठी सहा वर्ग आहेत. शूटर गेमची सवय नसेल तर सरळ ‘सोल्जर’ घ्या. बंदूक आणि चिलखत एवढंच सांभाळायचं. शत्रूला हवेत उचलून भिरकावण्याची हौस असेल तर ‘अडेप्ट’. चेहऱ्यावर मात्र दहा मिनिटं खर्च करा, तोच चेहरा तीन गेमभर समोर असणार आहे.

ईडन प्राइमवर हात बसवा

पहिली मोहीम ईडन प्राइम नावाच्या मानवी वसाहतीवर. उतरल्यावर थोड्याच वेळात यंत्रमानवांशी, म्हणजे गेथशी गाठ पडते. पहिल्या भागात गोळ्या संपत नाहीत, बंदूक तापते. ट्रिगर दाबून धरलात की उष्णतेची पट्टी भरत जाते, बंदूक चालेनाशी होते आणि ऐन वेळी तुम्ही नुसते उभे राहता. म्हणून दोन-तीन गोळ्या, क्षणभर थांबा, पुन्हा दोन-तीन. हा ताल बोटांत बसेपर्यंत दगडाआडून बाहेर येऊ नका.

दुसरी सवय लावायची ती पॉवर व्हीलची, म्हणजे शक्ती निवडायच्या चक्राची. ते उघडलं की खेळ जागच्या जागी थांबतो. कोण कुठे आहे ते निवांत पाहा, सोबत्यांना शक्ती वापरायला सांगा, मग चक्र सोडा. गोंधळ झाला की मी आजही आधी हेच करतो. अवघड वाटलं तर काठिण्यपातळी खाली आणा, ती मध्येच बदलता येते.

सिटाडेलवर रेंगाळा

खरी परीक्षा इथे आहे. सिटाडेल हे भलंमोठं अंतराळस्थानक. इथे गोळीबार थोडा आणि बोलणंच जास्त, त्यामुळे अनेकजण इथेच कंटाळतात. कंटाळू नका. काळ २१८३चा आहे, आणि माणसांचं ट्युरियन या परग्रहवासीयांशी युद्ध झालं ते २१५७मध्ये. म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही बोलताय त्यांच्यातल्या कित्येकांना ते आठवतंय. एवढं ध्यानात ठेवून आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेतल्या ट्युरियन सदस्याचा सूर ऐका, त्याच्या तुसडेपणाला अर्थ येतो.

संभाषणाच्या चक्रात डावीकडे जादा प्रश्न असतात, उजवीकडे निर्णय: वर सामोपचार, खाली दमदाटी. आधी डावीकडचं सगळं विचारून घ्या. समजावण्याचे निळे आणि धाकाचे लाल पर्याय उघडायला ‘चार्म’ किंवा ‘इंटिमिडेट’मध्ये गुण घालावे लागतात. दोन्हीकडे वाटू नका, एक धरा. मी ‘चार्म’ धरलं; पुढे काही प्रसंग एकही गोळी न झाडता मिटले.

इथेच गॅरस आणि रेक्स हे पुढचे सोबती भेटतात. कोराज डेन या बारवर चालून जाण्याआधी दवाखान्यात जाऊन गॅरसला आणि सी-सेकमध्ये, म्हणजे सिटाडेलच्या पोलिसांकडे जाऊन रेक्सला गाठा. दोघांपैकी एखादा हुकू शकतो, आणि हुकला तर फार मोठा ठेवा हातचा जातो. लिफ्टचा प्रवासही लगेच स्किप करू नका; सोबती तिथे आपापसांत बोलतात.

जहाजावर फेरी मारा

नॉर्मंडी हे जहाज ताब्यात आलं की प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर सगळ्या मजल्यांवर फिरा. सोबतीण ॲशली विल्यम्सशी एकदाच बोललात तर ती फक्त एक फटकळ सैनिक वाटेल. परत परत गेलात की सैन्यात तिच्या आडनावाकडे कसं पाहिलं जातं आणि त्यात आजोबांचा काय संबंध, हे ती स्वतः सांगते. कोडेक्समधल्या, म्हणजे गेमच्या माहितीकोशातल्या मुख्य नोंदी निवेदक वाचून दाखवतो. रोज दोन-तीन ऐका.

सामानाची मर्यादा १५० नगांची आहे. जुनी शस्त्रं अधूनमधून ओम्नी-जेलमध्ये (दुरुस्तीला आणि कुलपं उघडायला लागणारा साठा) बदलत जा. बंद कपाटं उघडायला टाली या सोबतिणीला बरोबर न्या.

पहिला मुक्काम: थेरम

नकाशा मोकळा झाला की आधी थेरम या ग्रहावर जा, कारण तिथे लियारा ही सोबतीण मिळते. माको गाडी उतारावर घसरेल, उसळेल. वेग कमी ठेवा, तोफ दुरूनच चालवा. लढाई सुरू असताना सेव्ह होत नाही, त्यामुळे शांत जागा दिसली की हाताने सेव्ह करा. आणि गेम संपल्यावर ती फाइल पुसू नका. तुम्ही कोणाला वाचवलंत, कोणाला दुखावलंत, हे दुसरा भाग त्याच फाइलमधून वाचतो.