‘चेक’ या एका इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ मुळापासून कसे शोधायचे

इंग्रजीतले रोजच्या वापरातले शब्द आपल्याला येतात असं आपण धरून चालतो आणि मग एखाद्या वाक्यात तोच शब्द भलताच अर्थ घेऊन येतो, डिक्शनरी उघडावी तर वीस-पंचवीस अर्थांची रांग, ती पाठ कोण करणार? माझं म्हणणं असंय की पाठ करायचीच नाही. बहुतेक शब्दांचे अर्थ एकमेकांतून निघालेले असतात, आधी कुठला आला आणि नंतर कुठला एवढं सापडलं की बाकीचं आपोआप लक्षात राहतं. हे कसं करायचं ते मी ‘चेक’ हा एकच शब्द घेऊन दाखवतो, कारण तो आपण मराठी बोलताना दिवसातून दहादा वापरतो आणि त्याचा उगम खरंच थक्क करणारा आहे.

डिक्शनरी उघडायच्या आधी वाक्यं गोळा करा

शब्द कानावर कुठे कुठे पडतो ते कागदावर लिहून काढा, इंग्रजी पुस्तकांतलंच पाहिजे असं नाही. चेक वटला. मेल चेक केला. चेक्सचा शर्ट. टोलच्या आधीचा चेकनाका. गावाबाहेर ओढ्यावर बांधलेला चेक डॅम. गॅरेजवाल्याकडचा चेकनट. एअरपोर्टवर चेक-इन. बुद्धिबळातला चेक आणि चेकमेट. अमेरिकेत राहणारे नातेवाईक हॉटेलात जेवण झाल्यावर ‘चेक’ मागतात म्हणजे बिल मागतात, तेही लिहा.

आता या यादीत आपापसात जुळणारे गट पाडा. चेक डॅम पाणी तपासत नाही, पाणी अडवतो. चेकनट म्हणजे मुख्य नटाच्या मागे आवळलेला दुसरा नट, तो पहिल्याला सैल होण्यापासून अडवतो. पंपाच्या पाइपवर जो चेक व्हॉल्व्ह बसवतात तो पाणी उलटं येऊ देत नाही. म्हणजे एक गट झाला ‘अडवणे’. दुसरा गट तपासण्याचा. तिसरा चौकडीच्या कापडाचा. चौथा बँकेचा. आणि बुद्धिबळ वेगळंच. सुरुवातीला हे गट एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे वाटतात, तसेच राहू द्या, घाईने जोडायला जाऊ नका.

मग तारखा बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं

साध्या डिक्शनरीत अर्थ बहुधा वापराच्या क्रमाने देतात, जो जास्त वापरात तो आधी. आपल्याला काळाचा क्रम हवा असतो. त्यासाठी ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी आहे (अनेक लायब्ररींतून ऑनलाइन मिळते) आणि फुकटात हवं असेल तर डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आहे, तिथे बऱ्याच अर्थांपुढे तो लिखाणात साधारण कधीपासून दिसतो ते दिलेलं असतं.

‘चेक’चं बघितलं तर सर्वात जुना अर्थ बुद्धिबळातला निघतो, साधारण इ.स. १३०० च्या आसपासचा. अडवण्याचा अर्थ चौदाव्या शतकात येतो. तपासण्याचा अर्थ, जो आज आपल्याला मुख्य वाटतो, तो थेट सतराव्या शतकाच्या अखेरीस! म्हणजे जवळजवळ चारशे वर्षं इंग्लंडमध्ये चेक हा शब्द होता पण ‘जरा चेक कर’ असं कुणी म्हणत नव्हतं. आणि बँकेचा चेक त्याच्याही नंतर, अठराव्या शतकात.

आता पूल शोधा

क्रम लागला की स्वतःला विचारायचं, या अर्थावरून त्या अर्थावर लोक गेले कसे? बुद्धिबळात राजाला चेक दिला की समोरच्याचे बाकीचे सगळे डाव तिथेच थांबतात, आधी राजा वाचवावा लागतो. तिथून ‘अचानक थांबवणे, लगाम घालणे’ हा अर्थ आला. घोडा चेक केला म्हणजे घोडा तपासला नाही, लगाम खेचला.

थांबवण्यावरून तपासण्यावर कसं गेलं हे समजायला आपला चेकनाकाच बघा ना. गाडी आधी थांबवतात आणि मग कागद बघतात. मुंबईत जकात होती तोपर्यंत (२०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती गेली) मुलुंड चेकनाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, थांबवणं आणि पडताळणं एकाच जागी चालायचं. इंग्रजीतही असंच झालं, एखाद्या गोष्टीला मूळ नोंदीशी ताडून पाहीपर्यंत पुढे जाऊ न देणं, तिथून नुसतं ताडून पाहणं. पूल असा पटणारा हवा, आणि तारखांच्या उलट जाणारा नको.

पुढचे अर्थ मग भराभर सुटतात. ताडून पाहण्यासाठी दिलेला बिल्ला किंवा पावतीचा तुकडा तोही चेक. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या सामानाला पितळी बिल्ले लावायचे, जोडीचा दुसरा बिल्ला प्रवाशाकडे, आजचं चेक-इन लगेज त्याच घरातलं. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर पुन्हा यायला जो तिकिटाचा तुकडा चालायचा तो रेन चेक, म्हणून आज कुणी ‘रेन चेक घेतो’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘आत्ता नाही, पुन्हा कधीतरी’.

स्पेलिंग वेगळं दिसलं तर तिथे थांबून खणा

बँकेच्या चेकचं स्पेलिंग भारतात आणि ब्रिटनमध्ये क्यू-यू-ई ने संपतं, अमेरिकेत सी-के ने. आपल्याकडे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, ज्याच्या कलम १३८ खाली चेक बाउन्सच्या केसेस चालतात, त्यातही क्यूवालंच आहे. हा क्यू आला कुठून?

तर बुद्धिबळाच्या पटाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’ म्हणायचे, त्याचं फ्रेंचमधून इंग्रजीत झालं ‘एक्सचेकर’, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. खजिन्याला पटाचं नाव का, याचं उत्तर बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील या खजिनदारानेच लिहून ठेवलंय. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, भोवती चार बोटं उंचीची कडा म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडू नये, आणि त्यावर रेघांनी रकाने पाडलेलं काळं कापड. एक रकाना पेनींचा, एक शिलिंगचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शंभरांचा असं. परगण्याचा शेरिफ वसुली घेऊन आला की त्या रकान्यांत सोंगट्या सरकवून हिशोब व्हायचा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळायचं किती आले आणि किती बाकी. तो लिहितो की बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई तशी इथे खजिनदार आणि शेरिफ यांची. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, ऋषी सुनक पंतप्रधान व्हायच्या आधी २०२० ते २०२२ त्याच पदावर होते.

बँकेचा चेक मुळात कागदाचा तो भाग जो मागे ठेवून नंतर ताडून बघायचा, म्हणजे काउंटरफॉइल, खोटेपणाला आळा घालण्यासाठी. मग नाव अख्ख्या कागदालाच लागलं आणि एक्सचेकरच्या प्रभावाने त्यात क्यू शिरला. चौकडीचा शर्टही त्याच पटाचा, पटावर जसे काळे-पांढरे घर तसे कापडावर. म्हणून इंग्रजीत कुणाची कारकीर्द ‘चेकर्ड’ असली तर ती चढउतारांची असते.

मूळ शब्दापर्यंत मागे जा, आणि मग आपल्या भाषेत शोधा

इंग्रजीतला चेक जुन्या फ्रेंचमधल्या ‘एशेक’वरून, तो लॅटिन ‘स्काकुस’वरून, तो अरबीतून आलेल्या फारसी ‘शाह’वरून. शाह म्हणजे राजा! फ्रेंचांना सुरुवातीला ‘स्क’ उच्चारायला जड, म्हणून पुढे ए लागला, आपल्याकडे इस्कूल आणि इस्टेशन म्हणतात तसं, आणि इंग्रजीत येताना तो सुरुवातीचा ए गळून पडला. त्याच शब्दाच्या अनेकवचनावरून इंग्रजीत ‘चेस’ झालं. जर्मनमध्ये आजही बुद्धिबळ म्हणजे ‘शाख’.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. आपण मराठीत शह देतो, शह-काटशहाचं राजकारण म्हणतो, एखाद्यावर मात करतो. हा शह तोच शाह. तोच शब्द पश्चिमेकडे अरबी, लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्लंडला गेला, आणि फारसीतून दख्खनमध्ये सरळ आपल्याकडे आला. चेकमेट म्हणजे अक्षरशः शहमात. ‘मात’ बद्दल दोन मतं आहेत, अरबीतलं ‘मेला’ किंवा फारसीतलं ‘निरुपाय झाला’, दोन्ही लक्षात ठेवा, जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे एक बाजू पक्की म्हणून सांगू नये.

शाहच्याही मागे जायचं तर जुन्या फारसीत ‘ख्शायथिय’ असं रूप आहे, इराणमधल्या बिसोतूनच्या कड्यावर दारियस राजाच्या शिलालेखात ते कोरलेलं आहे, आणि त्याचा धातू आपल्या ‘क्षत्र’ शब्दाशी भावकीतला.

मराठीकडची बाजू बघायला मोल्सवर्थचा कोश वापरा, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, फारसी-अरबी शब्दांना त्यात खूण केलेली असते. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोशही लायब्ररीत मिळतो.

फसायच्या जागा

आवाज सारखा म्हणून नातं असतंच असं नाही. झेक देशाचं नाव इंग्रजीत बोलताना अगदी ‘चेक’सारखंच ऐकू येतं पण ते लोकांचं नाव आहे, राजाशी काही संबंध नाही. तसंच उद्या कुणी म्हणेल की चेकपोस्ट हा शब्द आपल्या चौकीवरून गेला, ऐकायला छान, पण चौकी आणि चौक हे ‘चतुष्क’वरून आलेले, चार या अर्थाचे. मधल्या पायऱ्या आणि तारखा दाखवता आल्या नाहीत तर ती व्युत्पत्ती फॉरवर्ड करू नका.

उलटही होतं. काही डिक्शनऱ्या कापडाच्या चेकला वेगळा नंबर देऊन वेगळा शब्द म्हणून छापतात, म्हणून त्यांचा संबंधच नाही असं समजू नका, आणखी एक-दोन पायऱ्या मागे जाऊन बघा.

भाषांतर करणाऱ्यांसाठी

हे सगळं नुसतं मजेसाठी नाही. ‘अनचेक्ड ग्रोथ’चं ‘न तपासलेली वाढ’ होत नाही, ती अनिर्बंध वाढ असते. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’मधले चेक्स म्हणजे सत्तेला घातलेले लगाम, तिथे ‘तपासणी’ लिहिलं तर राज्यघटनेवरचा अख्खा परिच्छेद बिघडतो, नियंत्रण आणि संतुलन लिहा. अमेरिकन फॉर्ममध्ये ‘चेक द बॉक्स’ असेल तर चौकोनात टिक करा. अडलात की आधी विचारा, हा अडवणारा चेक की ताडून बघणारा, नव्वद टक्के वेळा तिथेच सुटतं.

एकदा हात बसला की पुढे ‘स्टॉक’ घ्या. सुरुवात म्हणून एवढं सांगतो की त्याच एक्सचेकरमध्ये पैशांची नोंद लाकडाच्या काठीवर खाचा पाडून व्हायची, मग काठी उभी चिरायची, मोठ्या तुकड्याला स्टॉक म्हणायचे आणि धाकट्याला फॉइल, आणि १८३४ मध्ये अशा जुन्या काठ्या भट्टीत जाळताना लंडनच्या पार्लमेंटची इमारतच पेटली. शेअर बाजारातला स्टॉक, दुकानातला स्टॉक आणि झाडाचा बुंधा या अर्थाचा स्टॉक यांचा क्रम कसा लागतो ते तारखा बघून लावा.