पहिल्या टीपासून अठराव्या ग्रीनपर्यंत: गोल्फच्या पूर्ण फेरीत लक्ष आणि सातत्य कसं टिकवावं

गोल्फच्या पूर्ण फेरीला चार ते साडेचार तास लागतात, आणि १८ होल चालून खेळायचे तर आठ-दहा किलोमीटरची पायपीट होते. एवढा वेळ सलग चित्त एकाग्र ठेवणं कुणालाच जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. हिशेब करून बघा. आपली पाळी आली की ४० सेकंदांच्या आत शॉट मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. ९० शॉटमध्ये फेरी संपवणाऱ्याने प्रत्येक शॉटला पूर्ण ४० सेकंद घेतले तरी एकूण एक तासच होतो. उरलेला वेळ चालण्याचा, थांबण्याचा, गप्पांचा असतो. ज्यांचा खेळ तेराव्या-चौदाव्या होलनंतर घसरतो, त्यांतले बरेच जण या मधल्या वेळातच डोकं शिणवून बसलेले असतात. म्हणून लक्ष वेळेवर लावायला आणि वेळेवर सोडायला शिकायचं. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत तर याला दुसरा उपाय नाही.

१. आदल्या संध्याकाळीच पोहोचा

१८ होलची मैदानं किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, मुंबईच्या आसपास एकवटली आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब तर १९२७ पासूनचा. चिपळूण-रत्नागिरीकडून येणाऱ्याने रात्रभर मुंबई-गोवा महामार्गावर गाडी हाकून पहाटे टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट जिथून मारतात तिथे, उभं राहू नये. पाठ आखडलेली असते आणि पहिले सहा होल अंग मोकळं करण्यातच जातात. संध्याकाळी पोहोचा, नऊला झोपा. बॅग रात्रीच भरा: दोन-तीन ग्लोव्ह, दोन टॉवेल, पाणी, टोपी, खाऊ. सकाळच्या घाईत विसरलेली वस्तू दिवसभर मनात टोचत राहते.

२. पोटाचं आधी बघा

खेळाच्या दोन तास आधी हलकं पण टिकणारं खा. उकड्या तांदळाची पेज, नाहीतर दोन आंबोळ्या आणि चटणी उत्तम. नवव्या होलनंतर कॅन्टीनमध्ये बसून भरपेट ऑम्लेट-पाव हाणला की दहावा आणि अकरावा होल सुस्तीत जातो, म्हणून वाटेत थोडं थोडं खात राहा. दर तीन होलला अर्धं केळं, मूठभर शेंगदाणे किंवा चिक्कीचा तुकडा. पाणी प्रत्येक टीवर, तहान लागो न लागो. इथल्या हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता वाहतो. त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाण्याबरोबर मीठही जातं. मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत भरून नेलं तर दोन्हीची भरपाई होते. तिसऱ्या तासाला ‘आज पट (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल भोकाकडे ढकलण्याचे शॉट) जात नाहीत’ असं वाटतं, तेव्हा बहुतेकदा दोष पटरचा नसतो. शरीर कोरडं पडलेलं असतं.

३. प्रत्येक शॉटआधी एकच क्रम

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

बॉलच्या मागे उभे राहा. बॉल कसा पडलाय, अंतर किती, वारा कुठून, चुकला तर कुठे गेलेला परवडेल, हे तिथेच बघा. मग लक्ष्य निवडा, आणि ते बारीक असू द्या. नुसतं ‘फेअरवे’ (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) म्हणून चालणार नाही. समोरच्या झाडाची डावीकडची फांदी, असं काहीतरी. क्लब ठरवा. बॉल कसा उडेल, कुठे टेकेल, हे एकदा डोळ्यासमोर आणा. बॉलच्या पुढे हातभर अंतरावर, लक्ष्याच्या रेषेत एखादं पान किंवा गवताचा वेगळ्या रंगाचा ठिपका हेरा. दिग्गज अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉस असंच करायचा. दूरच्या झाडाकडे क्लब रोखण्यापेक्षा जवळच्या ठिपक्याकडे रोखणं कितीतरी सोपं असतं.

एक सरावाचा स्विंग. एक लांब उच्छ्वास. मग बॉलपाशी जा, ठिपक्यावर क्लब रोखा, पाय लावा, लक्ष्याकडे एकदा बघा आणि मारा. बॉलपाशी गेल्यावर नवीन काही ठरवायचं नाही. शंका आलीच तर मागे सरा आणि क्रम पुन्हा सुरू करा. शंका मनात ठेवून मारलेला शॉट क्वचितच सरळ जातो, कारण हात एक ठरवतात आणि डोकं दुसरं.

हा क्रम सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, याची एक शारीरिक खूण लागते. त्यासाठी ग्लोव्ह वापरा. बॉलच्या मागे उभं राहून ग्लोव्हची पट्टी दाबून लावली की लक्ष सुरू. शॉट संपला की पट्टी ओढून सोडायची, ग्लोव्ह काढून बॅगेच्या हँडलला उघडा अडकवायचा. इथे याचा दुहेरी फायदा आहे. एप्रिल-मे महिन्यांत हातातच ठेवलेला ग्लोव्ह चौथ्या-पाचव्या होलला आतून बुळबुळीत होतो. तळव्याजवळचं कातडं आधी काळपट पडतं, मग क्लब सटकू नये म्हणून मूठ आपोआप आवळली जाते. मूठ आवळली की मनगटं कडक होतात, मनगटं कडक झाली की स्विंग घाईचा होतो, आणि माणूस आपल्या तंत्राला दोष देत बसतो. दर सहा होलला ग्लोव्ह बदला आणि ओल्या टॉवेलने ग्रिप पुसून लगेच कोरड्याने पुसा.

लयीसाठी एक प्रमाण ध्यानात असू द्या: क्लब वर न्यायला लागणारा वेळ, खाली बॉलपर्यंत यायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण तिप्पट. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये हे प्रमाण सारखं दिसतं, मग स्विंग संथ असो वा जलद. थकव्यात पहिल्यांदा बिघडतं ते हेच. दहाव्या होलनंतर मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत वर आणि ‘चार’ला खाली, एवढं केलं तरी पुरतं.

४. दोन शॉटच्या मध्ये खेळ सोडा

दिवसभर खेळपट्टीवर उभा राहणारा कसोटी फलंदाज दोन चेंडूंच्या मध्ये बाजूला होतो, इकडेतिकडे बघतो, ग्लोव्ह सारखे करतो आणि गोलंदाज धावू लागला की परत येतो. तेच इथे करायचं. चालताना सोबत्यांशी बोला, आंब्याला मोहोर कसा आलाय ते बघा. मागच्या स्विंगची चिरफाड मात्र करू नका, आणि ‘आता तीन पार मिळाले तर ८५’ असला हिशेबही नको (पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले शॉट). कार्डावर आकडा लिहा, कार्ड खिशात घाला. बेरीज अठराव्या होलनंतर.

५. चुका आधीच धरून चला

अकरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकणारा वॉल्टर हेगन प्रत्येक फेरीत आपले सातेक शॉट वाईट जाणारच, असं धरून चालायचा. त्यामुळे तो शॉट आला की तो बिथरत नसे. आपण तर हौशी खेळाडू. आठ फुटांवरून अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकही साधारण निम्मेच पट टाकतात, हे एकदा कळलं की सहाव्या ग्रीनवर हुकलेल्या आठ फुटी पटचा राग सातव्या टीवर येत नाही.

वाईट शॉटनंतरचा शॉट हाच सातत्याचा खरा कस. बॉल झाडीत गेला आणि दोन फांद्यांमधून वीतभर फट दिसतेय. ती फट विसरा. नऊ नंबरच्या आयर्नने आडवा मारून फेअरवेवर या. मारताच येत नसेल तर बॉल अनप्लेएबल (खेळण्याजोगा नाही) असं जाहीर करून एका शॉटचा दंड घ्या. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक शॉट जास्त, परवडते. फेरी बुडते ती झाडीतून दोनदा मारून झालेल्या सात-आठच्या आकड्याने. बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, तेवढाच वेळ द्या. उन्हात करवंदीच्या जाळीत वाकून शोधत राहण्याने पुढच्या दोन होलचं बळ जातं.

एखादा होल पूर्णच बिघडला तरी धीर धरा. हँडिकॅपच्या (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याच्या) हिशेबात एका होलचा आकडा नेट डबल बोगीवरच (पार अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे हँडिकॅपचे शॉट) थांबतो, म्हणजे तिथे दहा झाले तरी ते दहा धरले जात नाहीत. नवख्यांनी तर सुरुवातीला स्टेबलफर्ड पद्धतीनेच खेळावं, म्हणजे प्रत्येक होलला गुण मोजून. गुण मिळणं शक्य नाही असं दिसलं की बॉल उचलायचा आणि पुढच्या टीकडे चालू लागायचं.

६. वाऱ्याबरोबर बेत बदला

किनाऱ्यावर एकाच फेरीत दोन हवामानं भेटतात. सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर पहिले नऊ होल जवळपास बिनवाऱ्याचे असतात. ऊन चढून जमीन तापली की समुद्रावरून, पश्चिमेकडून वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो. ज्या अंतराला आठव्या होलवर सात नंबरचा आयर्न पुरला, त्याच अंतराला चौदाव्यावर पाच नंबर लागू शकतो. सातत्य म्हणजे तोच क्लब पुन्हा घेणं नव्हे. समोरून वारा असेल तर मोठा (कमी नंबरचा, लांब मारणारा) क्लब घ्या आणि हलक्या हाताने मारा. जोर लावला की बॉलला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि अलीकडेच पडतो.

स्थानिक कॅडीचं (बॅग वाहणाऱ्या सोबत्याचं) ऐका. ‘साहेब, इथे पानही हलत नाही, पण माडाचे शेंडे बघा’ असं तो म्हणाला तर शेंडे बघा. बॉल जाणार तो त्या उंचीवरून.

पावसाळ्यात ग्रीन जड होतात, पट थोडे जोरात लागतात. पाणी साचलेल्या जागेतून बॉल दंडाशिवाय उचलता येतो, तो हक्क वापरा. विजा चमकू लागल्या की मात्र खेळ तिथेच थांबवा आणि मैदानातून बाहेर पडा.

७. शेवटचे तीन होल पहिल्या तीनसारखेच

१९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला फ्रेंच गोल्फर ज्याँ व्हान द वेल्दे शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन शॉटनी पुढे होता. सहा शॉट झाले असते तरी जिंकला असता. त्याने टीवरून ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारणारा क्लब) मारला, दुसरा शॉट प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटला, तिसरा ओढ्यात गेला आणि सात झाले. बरोबरी सोडवण्यासाठी झालेला प्लेऑफ पॉल लॉरीने जिंकला. एवढ्या मोठ्या खेळाडूचं असं होऊ शकतं, तर अठराव्या टीवर आपणही स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा क्लब मी तिसऱ्या होलवर इथे घेतला असता का? नसेल, तर बॅगेत परत ठेवा.

८. कार्डावर खुणा करा

आकड्याशेजारी प्रत्येक शॉटसाठी एक बारीक टिंब द्या, पण क्रम पूर्ण पाळला असेल तरच. पाच शॉट आणि चार टिंबं असतील तर एक शॉट घाईत गेला. महिनाभराची कार्डं शेजारी ठेवली की टिंबं कुठे विरळ होतात ते कळतं. बाराव्यापासून पुढे विरळ असतील तर खाण्यापिण्याकडे बघा, पहिल्या दोन होलवर असतील तर लवकर पोहोचून वीस मिनिटं पट आणि चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा शॉट) करा.

९. मैदान दूर असेल तर

गुहागर, मुरुड, कर्दे इथल्या लोकांना रोज मैदान मिळणार नाही, पण ओहोटीची वाळू मिळते. पाणी ओसरल्यावर ओलसर, दाबली गेलेली पण दगडासारखी कडक नसलेली जागा निवडा. क्लबच्या टोकाने एक सरळ रेघ ओढा, दोन्ही पायांच्या मध्ये घ्या आणि नऊ नंबरच्या आयर्नने, बॉल न ठेवता, अर्धा स्विंग करा. वाळूतला ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू व्हायला हवा. मागे सुरू झाला तर बॉलआधी जमीन लागली असती. दहापैकी किती पुढे पडतात ते मोजा. प्रत्येक स्विंगआधी मागे जाऊन पूर्ण क्रम करा, ग्लोव्हच्या पट्टीसकट, म्हणजे सराव हातांचा आणि लक्षाचाही होतो. बॉल मारायचाच असेल तर माणसं, होड्या, जाळी नसलेल्या बाजूला, पाच-दहा पावलांचे चिपच मारा आणि बॉल मोजून परत आणा. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुऊन, खाचांमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढून कोरडे पुसा. खारं पाणी राहिलं तर वेजला (छोट्या, उंच शॉटच्या क्लबला) लवकर गंज धरतो.